शमीमची टोपली

शमीम गेली, हे रशीदभाऊंनी फाटकातूनच सांगितलं. मी ओसरीवर संक्रांतीचे तीळ निवडत बसले होते. आतून सासूबाई आल्या, त्यांनी ऐकलं आणि मटकन खाली बसून अशा रडायला लागल्या, की शेवटी मलाच उठून त्यांना सावरावं लागलं. दुःख मलाही झालंच होतं. पण त्यांच्या हातात पाण्याचा पेला देताना मनात काय आलं ते सांगूनच टाकते... माझं ऑपरेशन झालं तेव्हा ह्या बाईच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नव्हतं! गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी केला. अजूनही करते.

बोरी अरबला आमच्या आणि शमीमच्या घराची भिंत एकच. तिचे यजमान रशीदभाऊ शेतातले मोटारपंप दुरुस्त करतात, त्यामुळे आमच्या वावरात त्यांचं येणंजाणं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आम्ही सगळे वावरात रोडगे करतो. गव्हाच्या जाडसर पिठाच्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्याचा गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, आमच्याकडच्या भाषेत आरात, भाजायचा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरण, पळसाच्या पत्रावळी. हरभरा घाट्यांवर आलेला, ऊन असं की पाठ शेकत बसावं. त्या दिवशीचा मान सासूबाईंनी मला लग्नानंतर लगेच दिला होता. वावर आमचं, रोडगे माझे. आणि एका करीला नेमका पंप बिघडला. रशीदभाऊंसोबत शमीमही आली. माझे रोडगे वरून कोळसा झालेले, आतून कच्चे, आणि सगळे मुकाट्यानं भाजीच खात होते.

"काय व ताई, जाळावर कायले ठेवता? आर पडू द्या ना आधी," म्हणत ती माझ्या बाजूला येऊन बसलीच. "अन् तेल काहून असं पाहू पाहू लावून राह्यल्या? मोकळ्या हातानं लावा." तिच्या माहेरी शेजारच्यांकडे दरसाल रोडगे व्हायचे, तिथं शिकलेली. तिनं उरलेल्या पिठाचे चार भाजले. सासूबाईंनी एक फोडला, त्यावर तूप सोडलं, घास घेतला. "रेखा, पाय व, याले म्हंते रोडगा!"

झालं. तेव्हापासून दर करीला चुलीजवळ शमीम, आणि मी वांगे चिरायला! ती स्वभावानं वाईट असती तर बरं झालं असतं, एकदा कडाकडा भांडून मी मोकळी झाले असते. पण ती ओढणीत बोरं भरून आणायची, सासूबाईंचा हात धरून त्यांना धुऱ्यानं, वावराच्या बांधावरून, फिरवून आणायची, आणि निघताना चांगला खरपूस रोडगा माझ्यासाठी वेगळा काढून ठेवायची. मी तो घरी नेऊन एकटीच खायची. चांगलाच असायचा, मेला.

एकदा आम्ही तिघी झरी जामणीकडे एका लग्नाला गेलो होतो. बाजारात एक कोलाम बाई बांबूच्या टोपल्या विणत बसली होती. त्यात एक पसरट, बारीक विणीची, कडेला काळी पट्टी असलेली टोपली होती. माझा आणि शमीमचा हात एकदमच तिच्यावर पडला. शमीमनं लगेच हात काढून घेतला. "तुमी घ्या ताई." मी घेणारच होते, तर सासूबाई म्हणाल्या, "शमीमले घेऊ दे व. तिले रोडगे ठेवाले लागते." तेव्हापासून गरम रोडगे त्याच टोपलीत, सुती फडक्याखाली. दरवर्षी ती टोपली समोर आली की माझ्या पोटात दुखायचं.

यंदा सासूबाई म्हणाल्या, राहू दे, कोण करते. मी म्हटलं, मी करते! गोवऱ्या रचल्या, जाळ बसू दिला, आर पडेपर्यंत हात आवरून बसले. तेल मोकळ्या हातानं लावलं. रोडगे असे झाले की फोडताच पदर सुटे झाले. सगळे खायला बसले. मी सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले... इतक्या वर्षांनी माझं नाव निघणार होतं. त्यांनी घास गिळला, डोळे पुसले. "सोळा आणे शमीमचे झाले व."

मी उठले ती तुरीच्या गंजीमागे गेले. आधी रागानं रडले. मग आठवलं, माझ्यासाठी वेगळा रोडगा आज कुणी काढून ठेवला नव्हता. मग पुन्हा रडले.

चार दिवसांनी रशीदभाऊ आले, हातात ती टोपली. "शमीम दवाखान्यात होती तवा म्हने, रेखाताईले देजा. तिचा पहिल्यापासून डोळा हाय म्हने त्याच्यावर." म्हणजे बाईला सगळं कळत होतं! मी टोपली घेतली, काळी पट्टी चांगली पुसली आणि स्वयंपाकघरात मधल्या खिळ्यावर टांगली. म्हटलं, आता तरी ही माझी.

परवा नणंद आली होती. पोळ्या झाल्या, माझे हात पिठाचे. मी तिला म्हटलं, "ती शमीमची टोपली काढ बरं."