लांबून ठेवलेलं नाव

पुराव्याशिवाय हा माणूस चहासुद्धा गोड म्हणणार नाही, असं धर्मराज गायकवाडांची बायको म्हणते. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली. निवृत्त होऊन बदलापूरला आले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले.

मागच्या अर्जुनाच्या झाडावरची वटवाघळं रक्त पितात, असं शेजारच्या कौसाबाईंनी पार्किंगमध्ये जाहीर केलं, तेव्हा सगळे हसले. धर्मराज हसले नाहीत. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि रविवारच्या सभेसाठी झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.

स्वप्नाली, त्यांची लेक, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने खांद्यावरून डोकावून वाचलं. "'रक्तपिपासू'? पप्पा, सिरियसली?"

"शास्त्रीय नाव बघ. टेरोपस व्हॅम्पायरस! शास्त्रज्ञ काय उगाच नाव ठेवतील?"

"उगाचच ठेवलंय! आपली ही त्याची चुलत भावंडं, ह्यांचं नाव वेगळं. पण तो व्हॅम्पायरससुद्धा फळंच खातो."

"मग?"

"अडीचशे वर्षांपूर्वी स्वीडनमध्ये लिनियस नावाचा शास्त्रज्ञ बसला होता प्राण्यांना नावं देत. त्याच्या कानावर आलं, एवढं मोठं वटवाघूळ झोपलेल्याचं रक्त पितं. दिलं ठोकून! खरी रक्त पिणारी तिकडे अमेरिकेत, मुठीएवढी. त्यांचं नाव डेस्मोडस रोटंडस. दातांवरून आणि गोलपणावरून. रक्ताचा पत्ताच नाही त्यात."

"चूक कळल्यावर बदललं का नाही?"

"नियम आहे. पहिलं नाव टिकतं."

"कसला डोंबलाचा नियम!" धर्मराज एवढ्या जोरात उसळले की आतून बायको बाहेर आली.

"काय झालं हो?"

"आबा आठवले," ते आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागले. "आबांना गावात कचरू म्हणायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर माझ्या आजोबांनी राजरत्न ठेवलं. शाळेतल्या मास्तरांनी बदललं नाही. पुढे कारखान्यातही लोक कचरूच म्हणायचे. आबा दर वेळी थांबायचे. 'राजरत्न' म्हणायचे, आणि मगच पुढे बोलायचे."

त्यांनी अर्ज फाडला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या.

"सेक्रेटरी, अर्ज?"

"नाही आणला. मी चुकलो. नाव वाचलं, जनावर बघितलंच नाही."

लोकांत कुजबुज झाली. झाड राहणार की जाणार, हे आता कौसाबाईंवर होतं. जुन्या गावच्या त्या. त्यांचं ऐकून निम्मी सोसायटी हात वर करायची. पदर खोचून त्या उठल्या. "तुजी पोर सांगल त्याच खरा काय रं? माज्या पापडांवर घान परते त्याचा काय?"

"पापडांचं बघतो, काकी. पुढच्या गच्चीवर जागा करून देतो. पण आधी वर चला. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा."

गच्चीत स्वप्नालीने दुर्बीण कशी धरायची ते दाखवलं. कौसाबाई पुटपुटत राहिल्या, "मेली उलटी टांगल्यान..." आणि मध्येच थांबल्या.

"आग्गो बाय! पिलू हाय हिच्या पोटाशी. दूद पाजते गो!"

"काकी, बस झालं, द्या इकडे," मागून कोणी तरी म्हणालं. "झाडाचं काय ते बोला."

कौसाबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "हात नको लावू झाडाला," त्या म्हणाल्या. "आन् हलू बोला रं सगली. दचकल ना ती."