जर्मनकाकांची दुसरी खुर्ची

खून कुणी केला, यात जर्मनकाकांना काडीचा रस नसे. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर एकटेच राहत. आयुष्यभर जर्मन शिकवलेली. निवृत्तीनंतर गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आम्हा कारखानदारांची जर्मन पत्रं आणि यंत्रांची माहितीपुस्तकं उलगडून देत. दर रविवारी सकाळी फाफडा पुढ्यात घेऊन ते लॅपटॉपवर एक जर्मन पोलिसी मालिका बघत. कित्येक दशकं चाललेली. शेजारच्या खुर्चीत मी.

"शेवट कळायची घाई नाही, मग बघता काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अरे शेठ, या इन्स्पेक्टरला मी काळ्याभोर केसांचा पाहिलाय. आता जिना चढताना कठडा धरतो. खून दर आठवड्याला नवा, माणूस तोच. सोबत असते रे."

भाड्याच्या पत्र्याच्या शेडमधून मी वर आलो. मला 'शेठ' म्हणताना लोक कामापुरते हसतात. काका चिडवायचे, पण त्यात कौतुक असायचं.

शेवटची दहा मिनिटं त्यांची विशेष आवडती. इन्स्पेक्टर संशयितासमोर नुसता बसतो. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. "बघ, आता हा आपणहून बोलेल," काका कुजबुजत. "विचारून काढलेलं खरं निम्मंच असतं."

मग एक ग्राइंडिंग मशीन विकायला निघालं. जुनं पण अस्सल जर्मन. व्हिडिओ कॉलवर समोर त्याचा जर्मन मालक, मध्ये काका. भाव अडला. मी मांडवीच्या बाजारात शिकलेलो, उठून चार पावलं गेलं की "अरे भाई, आवो ने!" अशी हाक येतेच. म्हटलं, "सांगा त्याला, नको मशीन. आणि फोन ठेवा."

काकांनी माइक बंद केला. "शेठ, या लोकांत पाठीमागून हाक येत नाही. नको म्हणजे नको."

"सौदा माझा आहे काका! सांगतो तेवढं बोला."

ते तेवढंच बोलले. तीन दिवसांत मशीन दुसऱ्याला गेलं, आणि ते मिळणार म्हणून मी घेतलेली मोठी ऑर्डरही हातची गेली. कारखानदारांच्या बैठकीत कुणीतरी हसून विचारलं, "का हो, सौद्यात तुम्ही हरलात?" माझं डोकं फिरलं. "काकांनी भाषांतरात घोळ घातला," मी म्हणालो. महिन्याभरात काकांकडे कागद येणं थांबलं. वयाच्या सत्तरीत त्यांना आपला उपयोग आहे असं वाटायला लावणारं तेवढंच काम होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गेलो. खुर्ची मांडलेली होती, फाफडाही होता. भाग संपला. काकांनी लॅपटॉप मिटला नाही. माझ्याकडे वळून नुसते बसून राहिले. मी पार्किंगवर बोललो, पाण्याच्या टाकीवर बोललो. शेवटी भडकलोच, "काका, काही म्हणायचं असेल तर म्हणा की!"

"मला काही नाही म्हणायचं," ते शांतपणे म्हणाले.

मी दार आपटून निघालो आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलो. हाक आली नाही. त्याचा राग माझ्या मनात आजही आहे. एकदा विचारलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात खरं बोलून गेलो असतो.

पुढे ते मुलीकडे पुण्याला निघाले. मी वरच्या गॅलरीत उभा होतो. 'काका, नको म्हणायला मीच सांगितलं होतं,' एवढंच ओरडायचं होतं. या वेळी हाक मारायची पाळी माझी होती. रिक्षा फाटकातून वळली, आणि मी गप्प राहिलो.

वर्षभरात ते तिथेच वारले. आता रविवारी मी एकटाच ती मालिका लावतो. एक शब्द कळत नाही. शेवटी मात्र तो संशयित मान खाली घालून बोलू लागतो, इन्स्पेक्टर नुसता ऐकतो, आणि तेवढं मला भाषांतराशिवाय कळतं.