पत्र्याच्या खोलीतला कोबा

पेणजवळ खाडीचा बांध फुटून आमची घरं गेली, तेव्हा ग्रामपंचायतीने पत्र्याच्या खोल्या बांधून दिल्या. नवी घरं मिळेपर्यंत तात्पुरत्या, असं सगळे म्हणत. माझ्या शेजारची काकी मिठागरात कामाला जायची. अंगण झाडतानासुद्धा कुणी जवळून गेलं तर केरसुणी थांबवणारी, हळू आवाजाची बाई. भांडी मात्र तिने पोत्यातून कधी नीट काढलीच नाहीत. "जायचंच हाय ना गो," म्हणायची.

तिसऱ्या वर्षी पंचायतीने पुन्हा खर्च करून खोल्यांतून कोबा घातला. चिखलात निजणं संपलं म्हणून आम्ही हरखलो. दुसऱ्या सकाळी काकीकडून धाडधाड आवाज आला. धावत गेले, तर ती पहारीने नवा कोबा फोडत होती.

"काकी, येड लागलं काय?" मी ओरडले.

"जमीन पक्की केली म्हंजे घरं द्यायची नाय त्यांना," ती न थांबता म्हणाली. "आता हितंच ठेवतील गो आपल्याला."

मी तिला थांबवलं नाही, मदतही केली नाही.

आमचा कोबा छान गुळगुळीत होता. माझी थोरली त्यावर रांगली. काही वर्षांनी धाकटीही त्यावरच चालायला शिकली.