कानमिस्त्री

आमचे हे जागेवर बसतील तर शपथ! त्या दिवशी सकाळपासून एका जुन्या निळ्या गाडीभोवती भिंगरीसारखे फिरत होते. किल्ली फिरवायची, गाडी धडधडायची, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आचके देऊन बंद. पुन्हा किल्ली. गॅरेजच्या मागेच आमचं स्वयंपाकघर, त्यामुळे सगळा तमाशा माझ्या डोक्यात.

गाडी निवृत्त पोस्टमास्तरांची. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तीच तक्रार घेऊन ते तिसऱ्यांदा आले होते. जाताना शांतपणे म्हणाले, "संध्याकाळी येतो. नाहीच जमलं तर नाक्यावरच्या नव्या गॅरेजात नेतो. तिथे मशीन लावून बघतात म्हणे."

ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. गल्लीत ह्यांना सगळे 'कानमिस्त्री' म्हणतात. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि गाडीचं दुखणं सांगायचं, ही ह्यांची पद्धत. त्या स्क्रूड्रायव्हरला मी हात लावलेला खपत नाही. आता पोस्टमास्तरच उठून गेले, तर बाकीचे कशाला थांबतील?

प्लग साफ केले, मग नवेच घातले. पॉइंटची फट जुळवली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला. आयडलिंगचा स्क्रू आत, बाहेर, परत आत. पळवली की गाडी शहाण्यासारखी चालायची, उभी केली की नखरे.

"अहो, दोन घास खाऊन घ्या!" मी आतून ओरडले. उत्तर नाही. "अहो!" ढिम्म.

हल्ली हे असंच चाललं होतं. टीव्ही कानठळ्या बसेपर्यंत मोठा, आणि बायको बोलली की मख्ख. मुलीला मी फोनवर म्हणालेसुद्धा, तुझ्या बाबांनी माझं ऐकायचंच सोडलंय. तर ती हसली. "सगळेच नवरे तसे गं, आई."

माझं टाळकं सटकलं. ताट घेऊन तरातरा बाहेर गेले. गाडी चालू, हे स्क्रूड्रायव्हर कानाला लावून वाकलेले. मी अगदी तोंडासमोर उभी राहून म्हणाले, "जेवायचं नसेल तर नका जेवू, पण आधी ती सूं सूं बंद करा! डोकं उठलंय माझं."

"कसली सूं सूं?"

"कसली म्हणजे? ही काय!" ताट बाकावर आपटलं आणि आवाजाच्या मागावर हात नेला. कार्बोरेटरजवळ एक बारीक रबरी नळी टोकाशी चिरली होती आणि तिथून हवा ओढत होती. मी चिरेवर अंगठा दाबला. सूं सूं थांबली. आचके देणारं इंजिन एका लयीत चालू लागलं.

हे माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आवाज थांबला का आता?"

मी अंगठा उचलला. सूं... पुन्हा दाबला. ह्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. लोखंडातून येणारे ठोके ह्यांना कळत होते, पण ही बारीक हवा कळत नव्हती. माझ्या हाकाही पोचत नव्हत्या. आणि मी बाई इतके दिवस नुसती फणफणत होते! रडूच फुटलं मला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कुणाला बोलू नकोस," हे म्हणाले आणि खाली मान घालून नळीचं चिरलेलं टोक कापायला लागले. जेवण तसंच गार झालं.

संध्याकाळी पोस्टमास्तरांनी गाडी चालू करून बराच वेळ उभी ठेवली. बंद पडली नाही. "वा! कान असावा तर असा," म्हणाले. ह्यांनी नुसती मान डोलावली. काय ऐकू आलं, काय नाही, देव जाणे.

ते गेले तोच एक टॅक्सीवाला आला. "मिस्त्री, आतून कसलातरी बारीक आवाज येतोय बघा."

ह्यांनी बॉनेट उघडलं. क्षणभर घुटमळले. मग स्क्रूड्रायव्हरची मूठ फडक्याने स्वच्छ पुसली आणि त्या टॅक्सीवाल्यासमोरच तो माझ्या हातात दिला.