वरचं पोतं

बंदरावरच्या दलालानं मला फसवलं. माशांची पिल्लं त्यानं बारक्या जातीची मासळी म्हणून माझ्या गळ्यात मारली आणि मी ती पाच वर्षं बारामती-इंदापूरच्या कोंबड्यांना खाऊ घातली. बंदरावर ही गोष्ट उलटी सांगतात. तिथं म्हणतात, एक चिकट घाटी आला आणि त्याच्या हावेपायी दर्याची वाट लागली. ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून हे लिहायला बसलो.

माझा धंदा सुक्या मासळीचा. पिंपळीहून पाटी डोक्यावर घेऊन बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात पहिल्यांदा बसलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. कुणी हात दिला नाही. पाटीची पोती झाली, पोत्यांचा टेम्पो झाला, तो माझ्या जिभेवर. भाव पाडण्यात माझा हात धरणारा त्या बाजारात कुणी नव्हता. समुद्र मात्र मला वासापुरताच माहीत होता. माल दुसऱ्याकडून घ्यायचो. नव्वदच्या आसपास मधला माणूस काढून टाकला आणि स्वतः बंदरावर जायला लागलो.

तिथं एक कोळीण होती, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. घरची एकच होडी, ती नवरा आणि दीर चालवायचे. येणारा बोंबील ही किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर वाळवायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला घाटी म्हणायची. तिचा बोंबील वीतभर लांब आणि कोरडा खडखडीत असायचा. बारामतीत बायका तो आधी हातात घेऊन वाकवून बघायच्या, मग पिशवी उघडायच्या.

आमच्याकडं ‘वर’ घेतल्याशिवाय गिऱ्हाईक उठत नाही. सुकट मोजून झाली की वर एक मूठ टाकायची. ती टाकली नाही तर बाई मोजलेलं परत ओतून पुढच्या पाटीकडं जाते. मी हीच रीत बंदरावर नेली. दहा पोत्यांवर एक पोतं वर.

कोळीण हसत सुटली. “मूठ घे की घाट्या, दोन मुठी घे. पोतं कसलं मागतोस? एका पोत्यामागं माझा माणूस दिवसभर दर्यावर आसतो.”

शेजारी ट्रॉलरवाल्यांचा दलाल उभा होता. तो म्हणाला, “शेठ, माझ्याकडं या. दहावर एक देतो.”

माझ्यासारख्या माणसानं तिथंच सावध व्हायला हवं होतं. घासाघीस न करता जो हो म्हणतो, त्यानं आपलं आधीच कुठंतरी वसूल केलेलं असतं. हे मी रोज बाजारात बघत होतो. पण फुकटचं पोतं समोर दिसलं आणि मी टेम्पो वळवला.

वरचं पोतं बाकीच्या पोत्यांसारखं नव्हतं. आत राखाडी रंगाचा, नखाएवढा, चुरल्यासारखा माल. काही गोल चपटे, काही दोऱ्यासारखे. मी विचारलं, “हे काय दिलंस?”

“बारकी जात आहे शेठ. जवळा नाही का बारीक असतो? मांदेली असते. तशीच ही. हिची वाढ एवढीच.”

जवळा बारीकच असतो हे मला माहीत होतं. आयुष्यभर तोच विकला होता. मी मान डोलावली.

बाजारात तो माल कुणी घेईना. दाताखाली वाळू यायची. शेवटी माळेगावच्या रस्त्याला ज्यानं उसाच्या कडेला कोंबड्यांच्या शेड टाकल्या होत्या, त्या बागायतदाराला तो देऊन टाकला. तो खाद्य घरीच भरडायचा. पंधरा दिवसांनी तो मोटारसायकल घेऊन माझ्या दारात.

“तात्या, ते वरचं पोतं आजून हाय का? कोंबड्या निस्त्या तुटून पडत्यात.”

तिथून सगळं फिरलं. त्याला दर आठवड्याला पोतं हवं झालं, मग दोन. त्याचं बघून दुसऱ्यांनी शेड टाकल्या, पार इंदापूरपर्यंत. मी दलालाकडं दहावर दोन मागितली, मग पाच. त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं त्याला किरकोळ दर लावला, वरचा मालच खरा माल झाला आणि खायची सुकट टेम्पोच्या कोपऱ्यात गेली. मला वाटायचं, मी जिंकतोय. फुकट मागून धंदा उभा केला म्हणून मी छाती काढून फिरायचो.

एस.टी. स्टँडजवळचा हॉटेलवाला एकदा मला अडवून म्हणाला, “आवं तात्या, गिऱ्हाईक आमलेट परत पाठवतंय. बोंबलाचा वास येतोय म्हणतंय. तुमच्या कोंबड्या पवायला शिकल्या का काय?”

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन अंडं फोडून हुंगलं. वास खरंच येत होता. त्या दिवसापासून मी अंडं खाल्लं नाही, पण माल विकणं थांबवलं नाही.

दुसरी एक गोष्ट डोळ्यांसमोर होत होती. कोळिणीकडून मी अजून थोडा बोंबील घ्यायचो, तो आखूड होत चालला होता. वीतभराचा बोटभर झाला. मी तिला झापलं. असला माल बारामतीत कुणी हातात धरत नाही म्हटलं आणि भाव पाडला. तिनं वाद घातला नाही. नुसती म्हणाली, “दर्यात नाय तर देऊ कुठून?” पुढच्या खेपेला तिचा अर्धा मांडव रिकामा होता. एका बांबूवर कावळे रांगेनं बसले होते आणि खाली टाकून दिलेलं काहीच नव्हतं, तरी ते उठत नव्हते. मी तिकडं पाठ केली आणि दलालाकडून टेम्पो भरून घेतला.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात इंदापूरला माल पोचवायला निघालो होतो. उजनीचं पाणी आटून फार आत गेलं होतं, काठाला चिखल भेगाळलेला. तिथं एक म्हातारा भोई जाळं सांधत बसायचा, त्याला मी आबा म्हणायचो, त्याच्याकडून कधीमधी घरी खायला मासा घ्यायचो. टेम्पोतलं एक पोतं फाटून माल सांडत होता. आबानं वाकून मूठभर उचलला.

“काय रं इकतोस ह्ये?”

“बारकी जात हाय आबा. समुद्रातली.”

“कुणी सांगितलं तुला?”

त्यानं शेजारच्या डब्यातल्या पाण्यात ती मूठ सोडली आणि परत जाळ्याला लागला. मला निघायचं होतं. तो म्हणाला, “थांब जरा. घाई कशाची?” बऱ्याच वेळानं त्यानं डब्यात हात घातला आणि तळवा माझ्यापुढं केला.

पाणी पिऊन ते सगळे उकलले होते. चुरा वाटत होता त्यात आकार दिसायला लागले. शर्टाच्या बटणाएवढा एक पापलेट, त्याला पापलेटाचं सगळं होतं. अंगावर पट्टे असलेला एक मासा. दोऱ्यासारखी वाकटी. काडीएवढा बोंबील, तोंड उघडं. एका तळव्यावर सात-आठ प्रकार.

“डोळं बघ,” आबा म्हणाला. “अंगाच्या मानानं केवढं हायत. तान्ह्या लेकराचं डोकं आसंच मोठं आसतंय का न्हाय? आरं, ह्यांची जात बारकी न्हाय. वय बारकं हाय. आमच्या हितं बोटभर कटला घावला तर आमी परत सोडतो. पुढल्या साली त्योच धरायचा आसतोय न्हवं?” मग टेम्पोकडं बघत त्यानं विचारलं, “एका पोत्यात किती आसत्याल रं?”

नुसत्या नजरेनं वजन सांगणारा माणूस मी. त्या दिवशी अंदाज करायची हिंमत झाली नाही.

टेम्पो तसाच परत फिरवला आणि दुसऱ्या दिवशी बंदर गाठलं. दलाल बर्फाच्या ढिगाजवळ उभा होता. मी त्याची कॉलर धरली.

“पिल्लं विकलीस मला. जात बारकी म्हणालास.”

त्यानं माझा हात झटकला. चारचौघांत मोठ्यानं बोलला, “मग वर काय पापलेट देऊ तुला? फुकट मागायला तू आलास. तुझ्या फुकटासाठी बोटीला बारीक भोकांचं जाळं लावलं, खालचा तळ खरवडून आणला. आणि आता मला शहाणपण शिकवतोस? जा, पोलिसात जा. सांग त्यांना, फुकट मागितलं आणि मिळालं.”

मी त्याच्या अंगावर धावलो. लोकांनी धरलं. तेवढ्यात कोळीण पुढं आली. मला वाटलं, ही माझ्या बाजूनं बोलेल.

“दोघं गप बसा,” ती म्हणाली. “घाट्या, माझा बोंबील आखूड म्हणून भाव पाडलास. का आखूड, ते इचारलंस एकदा तरी? मी सांगितलं आसतं. याच्या बोटी आमच्या जाळ्यापुढनं सगळं गाळून नेतात. होडी इकायला काढली आमी. माझा माणूस आता याच्याच बोटीवर जाणार. जी पिल्लं आमची होती तीच धरायला.”

मी लोकांचे हात सोडवले आणि घरचा रस्ता धरला.

त्या दिवसापासून मी तो माल बंद केला. बागायतदाराला जाऊन सगळं सांगितलं, आबानं दाखवलं तसं पाण्यात भिजवून दाखवलं. त्यानं बघितलं आणि हात झटकले. “तात्या, तुमी न्हाय दिलं तर दुसरा देतोय. कोंबडीला काय कळतंय?” त्यानं दलालाचा पत्ता कधीच काढून ठेवला होता. महिनाभरात ट्रक थेट यायला लागले. गिऱ्हाईकं मी जमवलेली, रस्ता मी दाखवलेला, आणि मीच कडेला उभा. पिंपळीवरून ते ट्रक जातात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, मैलोन्‌मैल पाणी पिऊन हिरवागार, आणि मागं तो वास रेंगाळतो. आधी दोन ट्रक यायचे, आता जास्त येतात. ताडपत्रीखालचा माल दर वर्षी आणखी बारीक होत चाललाय. यापेक्षा बारीक काय राहील आणि त्यानंतर ट्रकात काय भरतील, याचा विचार मी सुरू करतो आणि सोडून देतो.

गुरुवारी मी अजून बाजारात बसतो. बायका विचारतात, तो वीतभर बोंबील कुठं गेला? मी म्हणतो, येत नाही. त्या पुढं जातात.

माझ्या वाट्याचं मी कबूल करतो. मी मागितलं, आणि मागताना विचारलं नाही. पण जे विकत होतास ते काय आहे हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दलाला. घाट्यावर ढकलून तू सुटणार नाहीस. मला भरपाई नको. ज्या बाईची होडी तू खाल्लीस, तिच्या अंगणात उभा राहा आणि चारचौघांसमोर सांग, तिच्या पोराबाळांनी आता दर्यावर कशाला जायचं? मी येतो तुझ्या शेजारी उभा राहायला. बोल, कधी येतोस?