नवफाने मागितलेली भरपाई

नवफा तापट बाई. म्हशींचं दूध काढताना शिव्या, बाजारात साय विकताना शिव्या. पण तिच्या सगळ्यांत जहाल शिव्या गावाच्या डोक्यावर रात्रंदिवस जळणाऱ्या ज्वाळेला असत. इकडे इराकात, बसऱ्याच्या बाजूला तेलाबरोबर वायूही वर येतो आणि तो साठवण्यापेक्षा जाळून टाकणं स्वस्त पडतं. जगात तेलाला भाव आला की विहिरी आणखी उघडतात आणि आमची ज्वाळा वाढते. आपला वायू धुरात घालवायचा आणि विजेसाठी शेजारच्या देशाकडून विकत आणायचा, हा आमचा शहाणपणा! संताप येतो नुसता.

त्या उन्हाळ्यात भाव चढला आणि वाढलेल्या धुराने नवफाच्या म्हशी धापा टाकत मेल्या. तिचा मुलगा रेसन आणखी पोरं घेऊन तेलकंपनीच्या फाटकावर गेला. आग कमी करा, एवढंच मागणं होतं. दगड पडले, काचा फुटल्या. हातिफ नावाच्या रखवालदाराने गोळी झाडली, ती रेसनच्या गळ्यातून आरपार गेली. जमाव अंगावर आला तसा हातिफ पळत सुटला आणि पहिलं उघडं दार दिसलं त्यात घुसला. दार नवफाचं होतं.

"आई, वाचव! तुझ्या आसऱ्याला आलोय!"

"कुणाला मारून आलास?"

"रेसन म्हणत होते त्याला."

नवफाने हातातल्या लोखंडी डावाने त्याचे दात पाडले. हात थकेपर्यंत मारलं त्याला. मग तोच रक्ताळलेला डाव घेऊन दारात उभी राहिली, कारण समोरून तिचा दीर शनेशल बंदूक घेऊन येत होता.

"वहिनी, बाजूला हो."

"आधी मला घाल गोळी. आसरा मागितलाय त्यानं."

"तुझ्या पोटचा गेला, बाई!"

"मला सांगतोस होय रे, गाढवा? दात मी पाडलेत, जीव नाही घेऊ देणार. याच्या हातात बंदूक कुणी दिली, त्याला जाऊन विचार!"

दारात आलेल्या वैऱ्यालाही आसरा द्यायचा हा आमच्या टोळ्यांचा रिवाज, पण त्याची मुदत तीन दिवसांची. तेवढ्यात समेट झाला तर हातिफ जगणार, नाहीतर तो शनेशलचा. नवफाच्या आणि हातिफच्या टोळ्यांचे म्हातारे बसले, कंपनीचा इंजिनियरही आला. पैशांची बोली सुरू होताच नवफा पडद्यामागून ओरडली, "पैसा घाला चुलीत! पोराच्या दुखवट्यापुरती ती आग विझवा. मग हा मोकळा."

इंजिनियर बसऱ्याचाच, भला माणूस. तो म्हणाला, "आई, आग विझवायची तर तेल बंद करावं लागेल. बंदरात जहाज उभं आहे, सौदा झालाय. माझ्या हातात नाही ते."

"मग कुणाच्या हातात आहे रे?"

इंजिनियर खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला.

मुदत संपली तसा शनेशल आला. हातिफने नवफाचा झगा घट्ट धरला होता. गोळ्या सुटल्या, त्यातली एक नवफाच्या तळहातातून गेली आणि हातिफ तिच्या उंबऱ्यावर मेला.

दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून ती फाटकावर गेली. नव्या रखवालदाराने बंदूक रोखली. तो हातिफचा धाकटा भाऊ होता. घरात कमावणारा कुणी उरला नव्हता, म्हणून भावाचीच जागा घेतली होती त्यानं.

"मागे हो, आई. गोळी घालायचा हुकूम आहे."

"घाल."

त्याने तिच्या पायाशी मातीत गोळी झाडली. ती हलली नाही. मग बंदूक टाकून तोच ढसाढसा रडू लागला. त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं आणि दुपारच्या आत फाटकावर दुसरा उभा होता.