पहिल्यांदा तर नकोच म्हणतात

ये वं, जवळ सरक. तू तिकडे अमरावतीत अन् मी इथे नागपुरात, हे मला माहीत आहे. पण समोर माणूस बसवल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. शाळा लवकर सुटली, वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून, त्यामुळे माझं लिहिणं बोलण्यासारखंच. बस. आणि आधी बोलणी खा.

परवा फोनवर "मावशी, या वयात तू गेम खेळतेस?" म्हणून इतकी हसलीस की मला वाटलं आता तुला ठसका लागतो. हसलीस ते हसलीस. पण वरून "डोळे खराब होतील" हे काहून म्हटलंस? तू संध्याकाळभर मालिका पाहतेस, त्यातली सून दाराआडून ऐकत उभी राहते ती पुढच्या आठवड्यापर्यंत तिथेच उभी असते. तेव्हा तुझे डोळे काय कपाटात असतात? अर्धवट ऐकून हसू नये माणसानं. आता पूर्ण ऐक.

धंतोलीतल्या दवाखान्यात गुडघा बदलून घरी आले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करा आणि बाकी वेळ पाय वर ठेवून बसा. मला बसणं जमत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक. म्हणून पुण्याहून नात आली, माझ्या मुलाची मुलगी, लॅपटॉप बगलेत मारून, माझ्यावर पहारा द्यायला. ती तिकडे दोन मैत्रिणींसोबत गेम बनवते. खेळते नाही, बनवते. हा फरक मला समजायला थोडा वेळ लागला. तिच्या बापाला तेव्हा तेवढाही समजला नव्हता.

मी गप्प बसावं म्हणून तिनं टीव्हीला एक डबा जोडला अन् माझ्या हातात दोन कानांचा रिमोट दिला. पहिल्या गेममध्ये मी गोळ्या खाऊन मेले. दुसऱ्यात दरीत पडून मेले.

"आजी, पळ, पळ!"

"अवं, गुडघा बदलला माझा, मी कुठी पळू?"

मग तिनं गोष्टीवाले गेम काढले. त्यात मरणं नाही, घाई नाही. समोर माणूस येतो, काही बोलतो, आपण दिलेल्या उत्तरांतलं एक निवडायचं, आणि त्यावरून गोष्ट पुढं सरकते. हे माझं काम होतं बाई! बोलण्यात मला अजून कोणी हरवलं नाही.

त्यातल्या एकात राजवाड्याचा पहारेकरी होता. "इकडे येऊ नका," म्हणे. मी मुद्दाम गेले. परत तेच म्हणाला, जरा चिडून. मी परत गेले. प्रत्येक वेळी नवीन बोलणं. मग विनवण्या करायला लागला, मग बायकोच्या तक्रारी सांगायला लागला, शेवटी म्हणाला, "घ्या ही टोपी, तुम्हीच करा नोकरी," आणि निघून गेला. माझे टाके दुखले हसून. आपण खोडी काढावी आणि गेमनं आपली खोडी काढावी, तिथं मजा. नुसते एकामागून एक चुटके सांगणारा माणूस लग्नात भेटला तरी आपण ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो.

आता नातीचं ऐक. तिच्या गेममध्ये एक वायरमन बाई असते. नवीन नोकरी, मोठी बॅग, खिशात पक्कड. एका गावात रोज कोणीतरी काहीतरी सुरू करते अन् अख्ख्या गावाची लाईन जाते. कोणीतरी तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेते. कोण, ते घरोघर जाऊन शोधायचं. आहे की नाही आपली गोष्ट? पण माझा मुलगा जेवताना म्हणाला, "बनवून झालं ना? आता बंगळुरूची ती गेम विकत घेणारी कंपनी पाहील. त्यांनी घेतला तर ठीक. नाही घेतला तर माझ्या मित्राच्या बँकेत कॉम्प्युटरची जागा आहे, तिथं जायचं. हे ठरलं होतं." नात ताटाकडे पाहत म्हणाली, "हो बाबा." तिनं भाकरीचा तुकडा केला अन् तो तसाच ठेवला. मला ते पाहवलं नाही.

कंपनीवाल्यांची मीटिंग सोमवारी होती. त्याआधी गुरुवारी दुपारी कूलर लावला, पाय उशीवर टाकला आणि म्हटलं, "लाव तुझा गेम."

खरं सांगू? हसू येईना. सरपंच चुटका सांगे, किराणावाला चुटका सांगे, झाडाखालचा म्हातारा चुटका सांगे. मी हं हं करत होते. ती माझ्या मागे वेताच्या मोढ्यावर बसली होती आणि माझ्या मानेकडे पाहत होती, हसताना मान हलते की नाही ते. तिचा श्वास ऐकू येत होता मला.

मग वायरमन बाई गावाच्या टोकाला एका म्हातारीच्या घरी गेली. म्हातारी म्हणाली, "चहा घेता का?" खाली दोन उत्तरं: हो, नको. मी दाबलं नको.

म्हातारी म्हणाली, "बरं." आणि दार लावून घेतलं.

मी रिमोट हातात धरून तशीच बसले. "हे काय झालं?"

"काय झालं? तू नको म्हणालीस नं."

"पहिल्यांदा तर नकोच म्हणतात!"

"मग ती म्हणाली बरं."

"बरं? बरं म्हणते? कोणाच्या घरची आहे वं ही? पाहुणा दारात उभा, अन् ही बरं म्हणून दार लावते? आपल्या इकडली बाई नाही ही, सांगून ठेवते तुले. चहा नको तर पाणी घ्या, पाणी नको तर बसा तरी, बसत नाही तर पोरासाठी पुडीत काही न्या. एकदाच विचारून सोडते का कोणी?"

"पण आजी, तुला चहा पाहिजे होता तर हो म्हणायचं."

"असं एकदम हो कसं म्हणू? लाज नाही वाटत?"

ती मोढ्यावरून खाली बसली, फरशीवर. मला वाटलं पोरगी रडते की काय. पाहते तर हसत होती. पोट धरून हसत होती. "आजी," म्हणे, "अख्ख्या गेममध्ये मजेची एवढीच गोष्ट आहे, अन् ती गेममध्ये नाहीच." आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. मला पाणी द्यायलासुद्धा कोणी राहिलं नाही. चांगला पहारा!

शनिवारी तिनं पुन्हा लावला. त्याच म्हातारीचं घर. चहा घेता का? नको. "पाणी तरी?" नको. "मुरमुऱ्याचा चिवडा आहे, ताजा आहे." नको. "माझ्या हातचं चालत नाही का?" आता यावर काय म्हणणार! मी म्हटलं, तसं नाही, ड्यूटीवर आहे. तर म्हातारी म्हणते, "ड्यूटीवरच्या माणसाले भूक नाही लागत? माझा जावई पोलिसात आहे, तो तर ड्यूटीवरच जेवते." मी नको दाबत राहिले. तिनं वायरमन बाईची बॅग उचलून आत नेली. मी पुन्हा नको. तिनं स्कूटीची किल्ली कनवटीला खोसली. मी हसत होते, पण माझंही डोकं फिरलं होतं. म्हटलं, पाहते तू कुठवर जातेस. शेवटी म्हातारी उंबऱ्यावर बसून म्हणाली, "मी इथं एकटी राहते. माणूस येते अन् परत जाते. घे बाई, जा तू." आणि किल्ली पुढं केली.

आता कोण जाते? मी मुकाट्यानं 'अर्धा कप' दाबलं.

म्हातारी उठली, विजेची शेगडी लावली, चहाचा पेला हातात दिला, तोच तार तापून अख्ख्या गावाची लाईन गेली! घराघरातून ओरडणं: "गेली! गेली!" म्हणजे चोर तीच. आणि ते कळायला तिच्या हातचा चहाच प्यावा लागतो, दुसरा रस्ताच नाही. वा गं माझी पोरगी!

पण खरी गंमत पुढं आहे. अंधारात पेला हातात, पडद्यावर प्रश्न: आकडा काढायचा? हो, नको. माझा अंगठा हलेना. तिचा चहा पिऊन तिचीच तार तोडू? अन् नाही तोडावी तर गावातली लेकरं अंधारात अभ्यास करतात. मघाशी हसून हसून पदर ओला झाला होता, आणि आता हसू कुठच्या कुठं पळालं. तुझ्या मालिकेत असं होते का सांग. तिथं रडायचं ते वाजंत्री सांगते.

"हिले मीटर लावून दे नं," मी म्हटलं.

"तसं उत्तर नाही आजी त्यात."

"मग टाक."

तिनं टाकलं. आणि मग मी समोरच्या शेजारणीला बोलावलं, कारण एकटीनं मजा पचत नाही. ती माझ्याच वयाची आणि हट्टात माझ्या वरची. तिनं नको दाबायला सुरुवात केली ती थांबेचना. "मले हरवते ही?" म्हणे. "माझ्या सासूनं नाही हरवलं." म्हातारीनं बॅग नेली, किल्ली नेली, उंबऱ्यावर बसली, किल्ली पुढं केली. आणि शेजारणीनं खरोखर किल्ली घेतली अन् वायरमन बाईला रस्त्यावर नेलं! मी ओरडले, "अवं, तिले तसंच सोडून आली?" ती मग हळूच म्हणाली, "परत कसं जाते यात? मागं वळायचं बटन दाखव." नात पाठमोरी होऊन काहीतरी लिहून घेत होती. तिची मान हलत होती.

रविवारी सकाळी मुलाच्या हातात रिमोट दिला. तो घ्यायला तयार नव्हता. "मला यातलं कळत नाही," म्हणे. म्हटलं, "तुले चहा तर कळते? बस." त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, सगळं लवकर आटपायचं. म्हातारीनं विचारलं, चहा घेता का, यानं पहिल्या झटक्यात दाबलं हो.

म्हातारी त्याच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "इतक्या लवकर हो? घरी कोणी देत नाही वाटते."

आतून सून म्हणाली, "बरोब्बर ओळखलं!" आणि तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं, एवढी हसली. मुलगा आधी रागानं पाहत होता, टीव्हीकडे, मग स्वयंपाकघराकडे, मग पोरीकडे. मग त्याच्या मिशा थरथरल्या. मी म्हटलं, "हस नं गा, कोणी पाहत नाही." मग मात्र हसला. पण बँकेचं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी मला ताकीद होती, आजी, मीटिंग आहे, इकडे यायचं नाही. मी गेले नाही. मी फक्त वॉकर घेऊन पडद्यामागे व्यायाम करत होते. तिकडे कंपनीची एक बाई खेळत होती, तिचा आवाज लॅपटॉपमधून येत होता. हिंदी-इंग्रजीत बोलत होती. बराच वेळ नुसती बटणं वाजत होती. नात ओढणीचं टोक दातात धरून बसली होती. मग तिकडून आवाज आला, "नो." थोड्या वेळानं "नो, नो." मग "अरे, बॅग कुठं नेली?" आणि मग ती बाई खळखळून हसली. मी इकडे आनंदानं पाऊल पुढं टाकलं आणि वॉकर गेला कूलरच्या बादलीवर. धाडकन! पाणी सगळ्या खोलीत.

"हे कोण?" तिकडून विचारलं.

नात म्हणाली, "वो... वही है. चायवाली."

तर ती बाई म्हणे, कॅमेऱ्यात आणा. ओल्या लुगड्यानं मी त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या कोणी विचारलं की तुम्ही शेवटी आकडा काढला का? मी म्हटलं, ते कसं सांगू, तुम्ही खेळा नं. ते हसले. पण लगेच काही सांगितलं नाही. पुढचे काही दिवस नातीनं घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा.

मग त्यांचा होकार आला. अटही आली: एक गाव पुरत नाही, आणखी दोन गावं पाहिजेत. नात माझ्या गळ्यात पडली, गुडघा विसरून. मुलानं ऐकलं आणि "बरं" म्हणून गॅलरीत गेला. मला वाटलं झालं, याला आनंदसुद्धा नाही. खिडकीशी कान लावला, तर तो त्या मित्राशी फोनवर बोलत होता. "नाही रे, ती नाही येत. तिचं काम सुरू आहे इथं. काय काम? तू संध्याकाळी घरी ये, दाखवतो. पण चहाला लवकर हो म्हणू नको."

आता ती दुसऱ्या गावावर बसली आहे. तिथं म्हणे एका घरी सत्यनारायण आहे आणि दुसऱ्या घरी भांडण, आणि वायरमन बाईला दोन्हीकडून ओढतात. पण अडचण अशी झाली आहे की आम्ही सगळे आता तिच्या युक्त्या ओळखून आहोत. मी, शेजारीण, सून, कोणीच फसत नाही. खेळताना मागे बसून मान पाहायला तिला कोरा माणूस पाहिजे. तू आजवर एकही गेम खेळली नाहीस, हट्टी आहेस, आणि हसतेस तेव्हा खुर्ची हलते. तुझ्यासारखी दुसरी कुठं शोधू? ती श्रावणात पुण्याला परत जाते. त्याआधी ये. चष्मा घेऊन ये, दोन दिवस तरी राहा, आणि मालिकेचं कारण सांगू नको. ती सून पुढच्या आठवड्यातही दाराआडच उभी असेल.